हात वर, मोबाइल त्याहून वर!

कॉन्सर्टला गेलेल्या भाच्याने व्हिडिओ पाठवलाय? त्यात गिटारिस्ट मुगाएवढा आणि पुढच्या माणसाचं टक्कल फुल स्क्रीन? डिलीट करू नका, बॉस! अशा हलत्या-डुलत्या, आरडाओरड्याने भरलेल्या क्लिप्सचा इतिहास भलताच चमचमीत आहे. चला तर, वसईतल्या गासहून रिक्षा पकडा, नालासोपारा स्टेशन गाठा, गाडी सुटतेय!

पहिला स्टॉप चर्चगेट. माहीत आहे का, ७ एप्रिल २००३ला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये चक्क ‘रोलिंग स्टोन्स’ वाजवून गेले? बँडचे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स, दोघंही तेव्हा ५९ वर्षांचे. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत असते तर बहुधा ५८व्या वर्षीच शाल-श्रीफळ घेऊन घरी बसले असते!

तेव्हा खिशात कॅमेरा-फोन असलाच, तर त्याचा व्हिडिओ फार फार तर १७६ बाय १४४ पिक्सेलचा. आजच्या ४के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये तसल्या ३२७ फ्रेम मावतात. म्हणजे त्या क्लिपमधला लाल ठिपका जॅगर की फायर एक्झिट, हे ज्याने शूट केलं त्यालाच विचारायचं.

आणि आयफोन? २००७चा पहिलावहिला आयफोन व्हिडिओ शूटच करू शकत नव्हता! ती सोय आली २००९च्या ३जीएसमध्ये. दोन वर्षं जगातला सर्वात मिरवला जाणारा फोन कॉन्सर्टमध्ये फक्त फोटो काढत होता.

आता वांद्रे-कुर्ला संकुल. १ फेब्रुवारी २००८, ‘आयर्न मेडन’. ही मंडळी आली स्वतःच्या बोइंग ७५७मधून, आणि पायलट कोण? बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन! तोच कॅप्टन, तोच किंचाळणारा. ४५ दिवसांत २३ शो असा त्या दौऱ्याचा पहिला टप्पा, आणि नारळ फुटला मुंबईत. दौऱ्यावरच्या ‘फ्लाइट ६६६’ फिल्मच्या लाइव्ह अल्बममध्ये ‘एसेस हाय’ हे गाणं मुंबईचंच आहे. त्या गर्दीत ओरडला असाल, तर तुम्ही ऑफिशियल कोरस आहात. मानधन मागू नका, एवढंच.

पण गंमत पुढेच. त्या दौऱ्यात मेडन ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ वाजवायचे. गाण्याची लांबी साडेतेरा मिनिटांहून जास्त. आणि तेव्हा यूट्यूबवर साध्या युजरला मर्यादा किती? दहा मिनिटं! म्हणजे अख्खं गाणं शूट करणाऱ्या बहाद्दराला ते ‘पार्ट वन’, ‘पार्ट टू’ असं चिरूनच चढवावं लागणार. मर्यादा पंधरा मिनिटांवर गेली २०१०मध्ये. तोवर सगळा रॉक मालिकेसारखा, पुढील भागात.

फॅनच्या शूटिंगवर अख्खी फिल्म निघते, माहीत आहे का? ‘मेटॅलिका’चा बेसिस्ट क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. वय अवघं २४. पुढच्या वर्षी बँडने त्याच्या आठवणीत ‘क्लिफ ’एम ऑल’ हा व्हिडिओ काढला, आणि त्यातला बराचसा माल होता चाहत्यांनी गर्दीतून चोरून टिपलेला. चित्र हलतंय, मध्येच कुणाचं तरी डोकं येतंय. पण क्लिफचे केस गरगर फिरताना दिसतात आणि त्याची बोटं बेसवर नुसती पळतात. चकचकीत स्टुडिओ व्हिडिओत हे सापडणार नाही, असं माझं ठाम मत. भांडायचं तर भांडा.

‘रेडिओहेड’ने तर कमालच केली. ऑगस्ट २००९मध्ये प्रागच्या शोला पन्नासेक चाहते ठरवून छोटे कॅमेरे घेऊन गेले आणि सगळं जोडून पूर्ण फिल्म केली. बँडने पोलीस नाही बोलावले. उलट स्वतःकडचं स्वच्छ ऑडिओ रेकॉर्डिंग देऊन टाकलं! पोरांनी ती फिल्म फुकटात वाटली.

याच्या उलट टोक ऐका. सत्तरच्या दशकात ‘लेड झेपेलिन’चे शो टेप करण्यासाठी अमेरिकेतला एक पठ्ठ्या व्हीलचेअरवर बसून आत जायचा. पाय ठणठणीत! खुर्चीत लपलेला असायचा जड टेपरेकॉर्डर. आज त्याच्या टेप्ससाठी चाहते जीव टाकतात.

झेपेलिनवरून आठवलं. त्यांचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२मध्ये मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत गाणी रेकॉर्ड केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबमध्ये हौसेने वाजवलंही. ती स्टुडिओ टेप वर्षानुवर्षं चोरट्या मार्गाने फिरत राहिली आणि अधिकृतपणे बाहेर आली २०१५मध्ये. ४३ वर्षांनी! आपल्या लग्नाची सीडीसुद्धा इतका उशीर करत नाही.

घरचा रॉकही विसरू नका हं. मुंबईचं ‘रॉक मशीन’ १९८४चं, गिटारवर आपले महेश तिनईकर. १९९३मध्ये नाव बदलून झालं ‘इंडस क्रीड’. तेव्हाच्या पोरांचं पंढरपूर म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. तिथे १९८०मध्ये ‘द पोलीस’ बँड येऊन गेला होता, आणि १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ दणाणू लागला. पुढे परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन गप्प झालं.

जरा सायन्स? घाबरू नका, पटकन उरकू. मैदानात मागे उभे राहून केलेल्या व्हिडिओत ड्रमची काठी आधी पडते आणि ‘धड्ड’ नंतर येतं. ड्रमर चुकत नाही हो! आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो, त्यामुळे १०० मीटर मागे तो जवळपास ०.२९ सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून मोठ्या मैदानात मागच्या स्पीकरना मुद्दाम उशिरा सिग्नल देतात, म्हणजे पुढचा-मागचा आवाज एकत्र पोहोचतो.

आणि तो फाटका आवाज? वसईत ‘बँड’ म्हटलं की आधी आठवतो लग्नातला ब्रास बँड. स्पीकरच्या भिंतीसमोर मोबाइल धरला की मात्र बिचाऱ्या माइकचाच बँड वाजतो. बोलण्यासाठी बनवलेला इवलासा माइक, समोर छातीत धडधडणारा बेस. झेपत नाही त्याला!

गिटारच्या तारा व्हिडिओत सापासारख्या वळवळतात, तीही जादू नाही. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो. तोवर तार पुढे सरकलेली असते.

जानेवारी २०२५, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, ‘कोल्डप्ले’. गासहून दादर, कुर्ला, नेरुळ अशी गाड्या बदलत वारी करा, आणि मग गायक ख्रिस मार्टिन ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ मध्येच थांबवून सांगणार, फोन खिशात ठेवा! हा त्यांचा नेहमीचा रिवाज. पण फोन चालू राहिले की काय होतं, तेही कोल्डप्लेनेच दाखवलं. जुलै २०२५, बॉस्टनजवळचा शो. मोठ्या स्क्रीनवर मिठीतलं एक जोडपं आलं आणि दचकून लपलं. एका प्रेक्षक बाईने ते टिपलं. काही दिवसांत एका टेक कंपनीच्या सीईओची खुर्ची गेली!

‘किंग क्रिमसन’ बँडचा कायदा सर्वात भारी होता. फोटो काढायचा, पण कधी? शेवटी बेसिस्ट टोनी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा काढून प्रेक्षकांचा फोटो घेतला की! तोवर हात जोडून बसायचं.

टिप हवी? आयफोनवर ४के, ६० फ्रेमने शूट केलं तर मिनिटाला साधारण ४०० एमबी जातात. दोन तासांचा शो म्हणजे ४८ जीबी. आधी गुड मॉर्निंगचे गुलाब उडवा. बॅटरीही राखून ठेवा. मे २०२५मध्ये ‘गन्स एन’ रोझेस’ महालक्ष्मी रेसकोर्सवर आले होते, आणि महालक्ष्मीला विरार फास्ट थांबत नाही. परतताना दादरला बदला, तिकीट फोनमध्ये, फोन बंद, टीसी समोर!

शेवटचा किस्सा अमेरिकेचा. ‘ग्रेटफुल डेड’च्या शोमध्ये टेप करणाऱ्यांच्या माइकच्या काठ्यांचं एवढं रान माजलं की अडचण होऊ लागली. हाकललं का? छे! १९८४मध्ये बँडने त्यांना साउंड बोर्डमागे खास जागा आणि वेगळी तिकिटं दिली. आयोजकहो, लोकलच्या लेडीज डब्यासारखा मैदानातही एक शूटिंगवाल्यांचा डबा जोडा की. आम्हा पाच फुटी जनतेला स्टेज तरी दिसेल!