कडेकोट बंदोबस्त… तरीही छूमंतर!

तुरुंगातला तुरुंग. वय जेमतेम तीन वर्षं. कॅमेरे, सेन्सर, भिंतीआड भिंत. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी सहा कैदी पलीकडे! इंग्लंडच्या व्हाइटमूर जेलची ही गोष्ट वाचताना तुम्हाला तुमच्याच ऑफिसचं गेट आठवलं, तर दचकू नका.

हिंजवडीतल्या एका कंपनीत स्टोरीसाठी मला महिनाभरात चार वेळा जावं लागलं. पहिल्या दिवशी गेटवर अगदी एअरपोर्टसारखी ट्रीटमेंट! फोटो आयडी, लॅपटॉपचा सिरियल नंबर, पेन ड्राइव्ह जमा, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. दुसऱ्या वेळी स्टिकर संपले होते. तिसऱ्या वेळी गेटवरचे काका मला ओळखायला लागले होते. चौथ्या वेळी तर ‘या मॅडम, या’ म्हणत त्यांनीच बाजूचं दार उघडून धरलं. बाहेर धो धो पाऊस, माझ्या दोन्ही हातांत कॉफीचे कप. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझी बॅग कुणी उघडलीच नाही, हे लक्षात आलं ते घरी येताना रिक्षात.

काका चांगलेच आहेत. तोच तर मुद्दा आहे. त्या रात्री मला व्हाइटमूर आठवलं.

तुरुंगातला तुरुंग

इंग्लंडच्या पूर्वेला केंब्रिजशर परगण्यात मार्च नावाचं गाव आहे (हो, महिन्याच्या नावाचंच!). सपाट, पाणथळ मुलूख, नजर जाईल तिथपर्यंत शेतं. तिथे पूर्वी मालगाड्यांचं भलंमोठं रेल्वे यार्ड होतं. त्या जागेवर 1991 मध्ये व्हाइटमूर जेल सुरू झालं. एकदम चकाचक, त्या काळातली सगळी टेक्नॉलॉजी ओतलेलं. आणि त्याच्या आवारात, स्वतःची वेगळी भिंत असलेलं एक छोटं युनिट: स्पेशल सिक्युअर युनिट. देशातले सगळ्यात धोकादायक मानले गेलेले मोजके कैदी इथे. इथून कुणी पळू शकत नाही, हीच तर त्या युनिटची जाहिरात!

9 सप्टेंबर 1994. जेमतेम नऊ दिवसांपूर्वी, 31 ऑगस्टला, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने ब्रिटनविरुद्ध शस्त्रसंधी जाहीर केली होती. बॉम्बस्फोटांचं पर्व संपेल, अशी आशा सगळीकडे पसरली होती. आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी या युनिटमधले सहा जण बाहेर पडले. पाच जण आयआरएशी जोडलेल्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले. सहावा अँड्र्यू रसेल. या पठ्ठ्याने 1987 मध्ये हेलिकॉप्टर हायजॅक करून गार्ट्री जेलच्या आवारात उतरवलं होतं आणि दोन कैद्यांना उचलून नेलं होतं! सिनेमावाल्यांनी असं दाखवलं असतं तर आपण हसलो असतो.

त्यांनी कुंपण कापलं, आतली भिंत ओलांडली, मग बाहेरची. दोर, शिडी, कटर असं सगळं सामान आत तयार होतं. आणि हातात दोन पिस्तुलं. तुरुंगातल्या तुरुंगात, दोन पिस्तुलं! पाठलागात गोळ्या झाडल्या गेल्या, एक जेल अधिकारी जखमी झाला. सुदैवाने तो वाचला. काही तासांत सहाही जण त्याच सपाट मुलखात पुन्हा पकडले गेले. म्हणजे अलार्म, कॅमेरे, पाठलाग यांतलं काहीच चाललं नाही असं नव्हे. मशीन्सनी आपापलं काम बऱ्यापैकी केलं होतं.

खरा धक्का पुढेच होता. त्याच महिन्यात कैद्यांचं जप्त सामान तपासताना चित्रकलेच्या रंगांची एक पेटी हाती लागली. तिला खोटा तळ होता. तळाखाली सेमटेक्स हे स्फोटक आणि डिटोनेटर्स. छंद म्हणून आत नेऊ दिलेली रंगपेटी!

हो म्हणण्याची सवय

चौकशी सर जॉन वुडकॉक यांच्याकडे गेली. हे मूळचे पोलिसवाले, पोलिस दलाचे माजी मुख्य निरीक्षक. डिसेंबर 1994 मध्ये त्यांचा रिपोर्ट आला, 64 शिफारशींसह. आपल्याला वाटतं, अशा रिपोर्टमध्ये भुयारं असतील, लाच असेल, एखादी हनी ट्रॅप असेल. इथे जास्त करून निघाला तो नुसता ढिसाळपणा. नियम कागदावर नीट होते, पण पाळले जात नव्हते. झडती घ्यायची होती, ती वरवर घेतली जायची. भेटायला येणाऱ्यांचं तेच. कोठड्यांमध्ये इतकं सामान साठलं होतं, की ते धड तपासणंच अवघड.

आणि ही बघा सगळ्यात भारी गोष्ट: जेलचे कर्मचारी या कैद्यांसाठी बाजारात खरेदीला जायचे! आत कैदी स्वतः स्वयंपाक करायचे आणि त्यांच्या पसंतीच्या वस्तू आणून द्यायला गणवेशातली माणसं दुकानांत पिशव्या घेऊन फिरायची.

इंग्लंडच्या पेपरांनी यावर यथेच्छ टिंगल केली. मीही पहिल्यांदा हसलेच. पण वुडकॉक यांनी यासाठी वापरलेला शब्द मला हसण्यापेक्षा जास्त लक्षात राहिला: कंडिशनिंग. म्हणजे काय, तर समोरच्याने तुम्हाला हळूहळू, तुमच्या नकळत वळण लावणं. छोटंसं युनिट. तेच मोजके कैदी, तेच मोजके अधिकारी, रोज तीच तोंडं. कैदी हुशार, संघटित, गरज पडली तर धमकी देणारे. आज एक जास्तीची वस्तू मागितली. ‘नाही’ म्हटलं तर वाद, आरडाओरडा, तक्रार अर्ज, कदाचित बाहेर घरच्यांना धोका. ‘हो’ म्हटलं तर दिवस शांत. मग उद्या आणखी एक. झडती घेताना कपाळावर आठी, मग झडतीच हलक्या हाताने. कुठल्याही एका दिवशी कुणी काही मोठं सोडून देत नाही. प्रत्येक सवलत आदल्या दिवशीपेक्षा अगदी एवढीशीच मोठी! आणि नवीन अधिकारी आला, की त्याला जुने सांगतात, ‘इथे असंच चालतं.’

ओळखीचं वाटलं ना? ज्यांनी क्लायंटला ‘एवढं एक करून देतो’ म्हणत सहा महिने फुकट सर्व्हिस दिली आहे, त्यांना मी वेगळं काय सांगणार! फरक एवढाच, की आपल्याकडे त्यातून पिस्तूल निघत नाही.

माझ्या मते नव्या कोऱ्या इमारतीचाही यात हात होता. जुन्या, पडक्या जेलमधला गार्ड सारखा कान टवकारून असतो, कारण त्याला भिंतीचा भरवसा नसतो. इथे भिंत होती, कॅमेरे होते, कुंपण होतं. मग माणसाने एक दिवस बॅग नाही उघडली तर काय बिघडतं? असं वाटणं किती सोपं आहे, ते मी कॉफीचे कप हातात घेऊन अनुभवलंय.

बॉसचं काय झालं?

ऑफिसवाल्यांना यात खास इंटरेस्ट असेल. त्या वेळी जेल खात्याचे डायरेक्टर जनरल होते डेरेक लुइस. सरकारी बाबू नव्हे, तर ग्रॅनाडा या टीव्ही-मनोरंजन ग्रुपचे माजी बडे अधिकारी. जेल सर्व्हिसची एजन्सी करायची, टार्गेट्स ठेवायची, परफॉर्मन्स मोजायचा, असा तो जमाना. आणि गंमत म्हणजे आकडे चांगले होते! पळून जाणाऱ्या कैद्यांची एकूण संख्या त्यांच्या काळात घटत चालली होती. स्लाइडवरचा आलेख खाली येत होता आणि सगळ्यात सुरक्षित युनिटमध्ये रंगपेटी पोहोचली होती.

जानेवारी 1995 मध्ये पार्कहर्स्ट या दुसऱ्या जेलमधून तिघे पळाले, स्वतः बनवलेल्या किल्लीने. मग जनरल लर्मंट यांचा आणखी एक रिपोर्ट आला आणि ऑक्टोबर 1995 मध्ये गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांनी लुइसना घरी पाठवलं. हॉवर्ड स्वतः मात्र खुर्चीवर राहिले. धोरण माझं, अंमलबजावणी त्यांची, असा युक्तिवाद. मास कॉमला आम्हाला 1997 ची एक मुलाखत दाखवायचे, ज्यात बीबीसीचा जेरेमी पॅक्समन हॉवर्डना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारतो. तो प्रश्न याच पार्कहर्स्ट प्रकरणातला. जरूर बघा.

आणि त्या सहा जणांचं? पळून जाण्याबद्दलचा खटला जानेवारी 1997 मध्ये गुंडाळावा लागला, तोही एका बातमीमुळे! खटला चालू असताना लंडनच्या ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’ने आरोपींच्या जुन्या शिक्षा छापल्या. ज्युरीचं मत कलुषित होईल म्हणून न्यायाधीशांनी कामकाजच थांबवलं. आमच्या बिरादरीलाही ‘एवढं एक छापूया’ची सवय असतेच. सहांपैकी एक, डॅनी मॅकनमी, याची मूळ शिक्षा पुढे डिसेंबर 1998 मध्ये अपील कोर्टाने रद्द केली. त्यामुळे ‘सगळ्यात धोकादायक’ या शिक्क्याबद्दलही जरा जपूनच बोललेलं बरं.

वुडकॉक रिपोर्टनंतर जेलमध्ये एक साधा नियम आला. कैद्याचं सामान ठरलेल्या मापाच्या दोन खोक्यांत मावलं पाहिजे. बस्स. ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. जेवढं तपासता येईल तेवढंच जवळ ठेवा.

परवा मी पाचव्यांदा हिंजवडीला गेले. काका रजेवर होते, त्यांच्या जागी एक नवा मुलगा. विशी-बाविशीचा, गणवेश अजून कडक. त्याने माझी बॅग उघडली. छत्री, डबा, चार्जर, दोन डायऱ्या, एकेक वस्तू टेबलावर. मागे रांग वाढत गेली. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. मग मागून एक आवाज आला, ‘अरे भाऊ, रोजचेच आहोत रे आम्ही!’

मुलगा ओशाळला. माझ्याकडे बघून ‘सॉरी मॅडम’ म्हणाला आणि बॅगेचा आतला कप्पा न उघडताच चेन लावून दिली. मीही ‘इट्स ओके’ म्हणाले.