मोहफुलापासून पोर्टपर्यंत

चैत्रात पहाटे यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी जामणीच्या रानात मोहफुलांचा सडा पडतो. ती वेचून वाळवायची, भिजवून आंबवायची आणि भट्टीवर गाळायची: गोंड आणि कोलाम घरांना ही रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. देवापुढेही मोहाची धार लागते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द तर सगळ्या मराठी मुलखाने उचलला.

पोर्तुगालची पोर्ट वाईन समजायला ही भट्टीच उत्तम वाट आहे. द्राक्षरस आंबताना यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार करते. साधारण निम्मी साखर उरली असतानाच त्यात मोहासारखाच भट्टीवर, पण द्राक्षांपासून गाळलेला कडक मद्यार्क ओततात. यीस्ट मरते, गोडवा टिकतो. साध्या वाईनमध्ये मद्यार्क 12-14 टक्के असतो, पोर्टमध्ये 19 ते 22. अशी वाईन लांबच्या जहाजप्रवासातही सहसा नासत नसे, म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी ती उचलून धरली. 1756 मध्ये पोर्तुगालमधल्या दुरो नदीच्या खोऱ्याची हद्द आखून पोर्टचे उत्पादन नियमात बांधले गेले.

पोर्तुगीजांमुळे पोर्टची चव गोव्यातही रुजली. तिथल्या दुकानांत ‘पोर्ट’ नावाने मिळणारी गोड लाल वाईन स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण ती दुरोची पोर्ट नव्हे. लेबल वाचूनच घ्यावी.

पोर्ट जेवणानंतर घ्यायची, किंचित गार, छोट्या पेल्यात, अक्रोड किंवा खारट चीजसोबत. मद्यार्क जास्त असल्याने साध्या वाईनसारखी पेला भरून पिऊ नये. एवढासा पेला अर्धा तास पुरवावा.