मजकुराची जबाबदारी घेणारे प्राध्यापक

मराठी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ छापलेली असते. मालक, मुद्रक, प्रकाशक कोण, अंक छापला कुठे आणि मजकुराच्या निवडीची जबाबदारी कोणाची, हे त्यात असते. मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यात होती. वाचकाचे या ओळीकडे सहसा लक्ष जात नाही. पत्रकारिता शिकवणाऱ्या माणसाची खरी परीक्षा मात्र याच ओळीपाशी होते, असे मला वाटते. मथळा कसा द्यावा, बातमी कुठे कापावी, हे एखादा हुशार उपसंपादक काही महिन्यांत शिकवू शकतो. आपल्या अंकात दुसऱ्याने लिहिलेल्या शब्दाची किंमत वेळ आल्यावर आपण मोजायची, हे शिकवायला मात्र तसे वागून दाखवावे लागते. तळेगाव दाभाड्याशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर असे वागले. म्हणून नवलाख उंबरेपासून लोणावळ्यापर्यंतच्या मावळाने त्यांना ओळखले पाहिजे.

विजापूरकरांचा जन्म १८६३ चा. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पण वर्गातल्या मूठभर मुलांना जे मिळते ते मराठी वाचणाऱ्या सगळ्यांना मिळावे, ही त्यांची तळमळ होती. त्यातून ‘ग्रंथमाला’ हे मासिक निघाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचे लेखन त्यात आले. ‘समर्थ’ साप्ताहिक आणि ‘विश्ववृत्त’ मासिक हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे होते. गंभीर विषय मराठीत मांडता येतात आणि उच्च शिक्षणही मराठीतून देता येते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. बंगालच्या फाळणीनंतर राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ उभी राहिली, तेव्हा त्यांनी कोल्हापुरात समर्थ विद्यालय काढले. तेच पुढे तळेगावला आले. मातृभाषेतून शिक्षण, जोडीला उद्योग आणि व्यायाम, असा तिथला क्रम होता. त्याच सुमारास तळेगावात, स्वदेशी उद्योगासाठी लोकवर्गणीतून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखानाही उभा राहत होता.

१९०८ साल त्यांच्या आयुष्यात कसोटीचे ठरले. पंडित श्री. दा. सातवळेकरांनी वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर लिहिलेला लेख ‘विश्ववृत्ता’त छापून आला आणि सरकारला त्यात राजद्रोह दिसला. विजापूरकर आणि त्यांच्याबरोबर संपादनाचे काम करणारे तरुण शिक्षक वामन मल्हार जोशी, दोघांनाही तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. लेख त्या दोघांपैकी कोणाचाच नव्हता, पण अंक त्यांचा होता. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय उघडले तेही याच वर्षी. तिकडे पत्रकारितेचा अभ्यासक्रम आखला जात होता आणि इकडे एका प्राध्यापकाबरोबर त्याचा तरुण सहकारी त्या धंद्यातला सर्वांत अवघड धडा तुरुंगात गिरवत होता. १९१० मध्ये सरकारने समर्थ विद्यालयही बेकायदा ठरवले.

हा धडा वाया गेला नाही, याचा पुरावा वामनरावांच्या पुढच्या आयुष्यात आहे. शिक्षा झाली तेव्हा ते सव्वीस वर्षांच्या आसपास होते. सुटून आल्यावर त्यांनी लेखणी टाकली नाही की शिकवणे सोडले नाही. १९१५ मध्ये त्यांची ‘रागिणी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. पुढे ते पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांच्या संस्थेत मुलींना शिकवू लागले आणि १९३० मध्ये मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसे तास न् तास वाद घालतात आणि विरुद्ध पक्षालाही त्याचे म्हणणे पुरते मांडू देतात. छापलेल्या शब्दापायी तीन वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाने प्रत्येक बाजू इतकी तोलून मांडावी, याचा त्या अनुभवाशी संबंध आहे, असे मला वाटते.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्तही आहेत. विजापूरकर संस्कृत शिकवत होते, त्यांना पत्रकारितेचे प्राध्यापक कसे म्हणायचे? उत्तर असे की त्या काळी हा विषय इथल्या कोणत्याच कॉलेजात नव्हता. तो छापखान्यात आणि संपादकाच्या टेबलाशीच शिकला जाई. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांना वैदिक मंत्रांनी धर्मविधी करण्याचा अधिकार आहे की नाही या वादात, विजापूरकर महाराजांच्या विरोधी बाजूला होते. ती बाजू चूक होती. आज तिचे समर्थन करण्याचे कारण नाही आणि आदरापोटी ती झाकण्याचेही नाही. पण गुरूचे मत आणि गुरूची रीत या वेगळ्या गोष्टी आहेत. वामनराव विजापूरकरांची प्रतिकृती झाले नाहीत. धर्मश्रद्धेला प्रश्न विचारणारे आणि स्त्रीशिक्षणात आयुष्य घालवणारे वेगळे लेखक म्हणून ते ओळखले गेले. ज्याच्या तालमीत तयार झालेला माणूस त्याच्याहून वेगळा विचार करू शकतो, त्या शिक्षकाचे शिकवणे खोटे म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: आजच्या मुलांना नोकरी हवी, कॅमेरा आणि संगणक यायला हवा. हे शिकवावेच. पण कौशल्य दर काही वर्षांनी बदलते. चुकीची बातमी गेली तर ती कोणाच्या नावावर, हा प्रश्न बदलत नाही.

मावळात हा प्रश्न आजही जिवंत आहे. नवलाख उंबरे परिसरात एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आली, तसे जमिनीचे, पाण्याचे, रोजगाराचे प्रश्न आले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या जलवाहिनीविरोधी आंदोलनात बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. अशा वेळी गावातला तरुण वार्ताहर खरे लिहू शकतो का, हे त्याच्या मागे कोण उभे आहे यावर ठरते. म्हणून तळेगाव, पुणे वा आणखी कुठे आपल्या मुलाला-मुलीला पत्रकारितेला घालणाऱ्या पालकांनी स्टुडिओ किती मोठा, हे जरूर पाहावे. पण त्याआधी एक गोष्ट विचारावी: विद्यार्थ्याने लिहिलेल्या खऱ्या बातमीवरून वादळ उठले, तर इथले कोणते सर किंवा मॅडम आपले नाव त्याच्या नावाखाली लिहितील? जिथे उत्तर मिळेल, तिथेच प्रवेश घ्यावा.