मजल, कोस आणि दीड तास

पूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी पडावातून खाडीमार्गे पनवेल बंदरी उतरे, आणि पुढची वाट किती, या प्रश्नाचे उत्तर त्यास कोसांपेक्षा मजलांत मिळे. कारण मजल म्हणजे माणसाने आणि बैलाने एका दिवसात तोडलेली वाट, म्हणजे काळानेच मोजलेले अंतर. 10 नोव्हेंबर 1830 रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला तेव्हा या मजला कमी झाल्या. पुढे 1863 साली आगगाडी तोच घाट चढून गेली आणि पनवेल बंदराची वर्दळ ओसरत गेली.

त्याच पनवेलच्या वेशीवर, उलव्याच्या बाजूस, 25 डिसेंबर 2025 पासून नव्या विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली आहे, आणि अंतराचा जुना प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. नागपूरचेच उदाहरण घेऊ. पनवेल सुमारे 19 अक्षांश व 73 रेखांशावर, तर नागपूर सुमारे 21 अक्षांश व 79 रेखांशावर वसले आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे 222. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आखूड होत जात असल्यामुळे आपल्याकडे तो 105 किलोमीटरांच्या आसपास भरतो, म्हणून पूर्वेकडे सुमारे 630. काटकोन त्रिकोणाचा शाळेतील नियम लावला की सरळ अंतर साधारण 668 किलोमीटर निघते. ताशी 800 किलोमीटर वेगाने ते 50 मिनिटांत संपावे. तथापि मुंबई-नागपूर प्रवासास वेळापत्रक सुमारे दीड तास देते.

ही अधिक मिनिटे कोठे जातात, हे जाणून घेण्यासारखे आहे. वेळापत्रकातील काळ विमान आपल्या जागेवरून हलते तेथपासून पलीकडे जागेवर थांबते तेथपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची मंद चाल, परवानगीची प्रतीक्षा, चढण्याचा व उतरण्याचा संथ टप्पा हे सारे येते. शिवाय विमान वाऱ्यास सामोरे जाऊन उडते. येथील धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने पश्चिमेचा वारा असेल तेव्हा पूर्वेच्या नागपुरास निघालेले विमान प्रथम नागपुराकडे पाठ करून आकाशात चढते आणि मग वळसा घेते. हिवाळ्यात उंचावर वाहणारे पश्चिमी वारे जाताना साह्य करतात, येताना अडवतात. म्हणून एकाच वाटेस दोन दिशांनी वेगवेगळा वेळ लागतो.

पनवेलकरास मात्र यापूर्वी याहून मोठा हिशोब करावा लागे. दीड तासाच्या प्रवासासाठी वाशीचा खाडीपूल ओलांडून, गर्दीतून वाट काढीत सांताक्रूझचे विमानतळ गाठावे लागे, आणि तेवढाच काळ, कित्येकदा त्याहून अधिक, जमिनीवरच जाई. ती पायपीट आता वाचते, याचा मला मनापासून आनंद आहे.

परंतु ती वाचावी म्हणून उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळविले गेले, आणि तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा यांसारख्या दहा गावांनी आपली घरे व देवळे सोडली. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्धच्या 1984 च्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात पडले. त्याचे नेतृत्व करणारे दि. बा. पाटील याच उरण-पनवेल मुलखातील, जासईचे. विमानतळास त्यांचे नाव असावे म्हणून हजारो भूमिपुत्र रस्त्यावर हात धरून उभे राहिले, तेव्हा ते आपल्या सोडलेल्या घरांपासून या धावपट्टीपर्यंतचे अंतर मोजण्याची मागणी करीत होते, असे मला वाटते.