छतातला दिवा मंद करताना

शहापूर-मुरबाडकडे आता पीओपीच्या छतात एलईडी दिवे बसू लागले. आमच्या एकाच खोलीत आजी झोपते, मुलगी दहावीचा अभ्यास करते. म्हणून आम्ही दिव्याला पंख्याचा रेग्युलेटर जोडला. दिवा लुकलुकला आणि महिन्यात गेला. चूक आमचीच! साध्या एलईडीतला ड्रायव्हर आलेली वीज एकसारखी करतो, रेग्युलेटरशी त्याचे जमत नाही. दिव्यावर ‘डिमेबल’ लिहिलेले हवे, डिमरही एलईडीचाच हवा. मोबाईलवरच्या स्मार्ट दिव्याला डिमर लावूच नये. शिवाय वीज जाऊन आली की असे बरेच दिवे मध्यरात्री भक्क पेटतात. शेवटी आम्ही नेहमीच्या बटणाने तीन टप्प्यांत मंद होणारा दिवा बसवला, मुलीला टेबल लॅम्प आणला. आजीच्या उशाशी मात्र जुना झिरोचा बल्ब आहेच. नावाला झिरो, खातो सुमारे १५ वॅट.