विश्लेषण : गिरण्या गेल्या, खाणी गेल्या... तरीही ब्रिटनचे ब्रास बँड कसे टिकले?

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात दर जानेवारीत एक शनिवार-रविवार ब्रास बँडसाठी राखून ठेवलेला असतो. रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक या संगीत महाविद्यालयात भरणाऱ्या महोत्सवात ब्रिटनमधील अव्वल बँड एकापाठोपाठ एक मैफली करतात. येथे गुण दिले जात नाहीत, कुणी जिंकत नाही आणि कुणी हरतही नाही. स्पर्धेवरच वाढलेल्या बँड संस्कृतीला अशा विनास्पर्धा महोत्सवाची गरज का भासावी? आणि ज्या कापड गिरण्या व कोळसा खाणींनी हे बँड पोसले, त्या बंद पडल्यावरही बँड कसे टिकले? या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग बँडसाठी खास लिहिल्या गेलेल्या संगीतात आहे.

महोत्सवात नेमके काय होते?

शुक्रवार ते रविवार असा हा कार्यक्रम असतो. ब्लॅक डाइक, कोरी, फोडेन्स, ब्रिगहाउस अँड रॅस्ट्रिक यांसारखे नामवंत बँड येथे वाजवतात. प्रत्येक मैफलीत जुन्या, गाजलेल्या रचनांबरोबर नव्या रचनाही असतात. काही रचना तर येथेच प्रथम सादर होतात. अनेकदा संगीतकार स्वतः सभागृहात हजर असतात. बीबीसीचे माजी निर्माते पॉल हाइंडमार्श यांनी अनेक वर्षे या महोत्सवाचे कलात्मक दिग्दर्शन केले. हयात संगीतकारांच्या नव्या रचना आणि विस्मरणात गेलेले जुने संगीत यांना एकाच व्यासपीठावर आणणे, ही महोत्सवाची ओळख बनली. महाविद्यालयाचेही बँड संगीताशी जवळचे नाते आहे. एडवर्ड ग्रेगसन हे बँडसाठी लिहिणारे महत्त्वाचे संगीतकार १९९६ ते २००८ या काळात याच संस्थेचे प्राचार्य होते.

ब्रिटिश ब्रास बँड म्हणजे काय?

आपल्याकडे बँड म्हटले की ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम असे चित्र डोळ्यांसमोर येते. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये मात्र क्लॅरिनेट नसते आणि ट्रम्पेटही नसते. ट्रम्पेटच्या जागी कॉर्नेट असते. कॉर्नेटची नळी हळूहळू रुंद होत जाते, त्यामुळे तिचा आवाज ट्रम्पेटपेक्षा मऊ लागतो. स्पर्धेतील बँडमध्ये २५ पितळी वाद्ये असतात : १० कॉर्नेट, १ फ्लूगलहॉर्न, ३ टेनर हॉर्न, २ बॅरिटोन, २ युफोनियम, ३ ट्रॉम्बोन आणि ४ बेस. जोडीला तालवाद्ये वाजवणारे दोन-चार जण असतात.

ही रचना टिकण्यामागे एक साधे तांत्रिक कारणही आहे. ट्रॉम्बोन सोडला तर या सर्व वाद्यांना झडपा असतात. झडप दाबली की हवेला नळीच्या जादा तुकड्यातून जावे लागते आणि सूर खाली उतरतो. दुसरी झडप अर्धा स्वर, पहिली एक स्वर आणि तिसरी दीड स्वर उतरवते. बहुतेक सर्व वाद्यांसाठी नोटेशनही एकाच पद्धतीने लिहिले जाते. त्यामुळे कॉर्नेट शिकलेला माणूस ओठांची आणि श्वासाची नवी सवय करून टेनर हॉर्न किंवा युफोनियमकडे वळू शकतो. बोटांची भाषा तीच राहते. दिवसभर कामावर राबून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या कामगारांसाठी ही मोठी सोय होती.

हे बँड सुरू कसे झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत झडपांचा शोध लागला. १८४० च्या दशकात अडॉल्फ सॅक्स यांनी सॅक्सहॉर्न ही वाद्ये तयार केली. ती टिकाऊ होती आणि शिकायला तुलनेने सोपी. याच काळात उत्तर इंग्लंडमध्ये गिरण्या आणि खाणींभोवती कामगारांची गावे वाढत होती. कुठे मालकांनी वाद्यांसाठी पैसे दिले, कुठे कामगारांनी वर्गणी काढली, तर कुठे दारूबंदीच्या चळवळीने बँड उभे केले. यॉर्कशायरमधील क्वीन्सबरी गावातील गिरणीमालक जॉन फॉस्टर यांनी १८५५ मध्ये ब्लॅक डाइक बँडला आश्रय दिला. तो बँड आजही वाजतो आहे.

१८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात मोठी बँड स्पर्धा झाली. तीच पुढे ‘ब्रिटिश ओपन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. रेल्वेच्या स्वस्त सहलींमुळे बँड आणि त्यांचे चाहते दूरदूरच्या स्पर्धांना जाऊ लागले. परीक्षक पडद्याआड किंवा बंद खोलीत बसत, म्हणजे समोर कोणता बँड वाजवतो आहे हे त्यांना कळू नये. ही पद्धत मोठ्या स्पर्धांत आजही आहे. गावागावांतील चुरस फुटबॉलइतकीच तीव्र असे.

मग संगीतकारांचा प्रश्न कुठे आला?

सुरुवातीची साठेक वर्षे बँड वाजवत ते बहुतांशी उसने संगीत होते. इटालियन ऑपेरांतील निवडक भाग, लोकप्रिय गाणी, नृत्याच्या चाली, भजने यांचे बँडसाठी रूपांतर केले जाई. रूपांतर उत्तम असले तरी मूळ रचना दुसऱ्याच वाद्यमेळासाठी असे. त्यामुळे ‘गंभीर’ संगीताच्या जगात बँडकडे कामगारांची करमणूक म्हणूनच पाहिले गेले.

बदल झाला १९१३ मध्ये. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचर यांची ‘लेबर अँड लव्ह’ ही खास ब्रास बँडसाठी लिहिलेली रचना ठेवली गेली. त्यानंतर मोठी नावे या वाटेने आली. ‘द प्लॅनेट्स’मुळे जगभर पोहोचलेले गुस्टाव होल्स्ट यांनी १९२८ मध्ये ‘अ मूरसाइड सूट’ लिहिले. एडवर्ड एल्गार यांनी १९३० मध्ये ‘सेव्हर्न सूट’ दिले आणि ते नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांना अर्पण केले. जॉन आयर्लंड यांचे ‘अ डाउनलँड सूट’ १९३२ मधले. व्हॉन विल्यम्स यांची ‘व्हेरिएशन्स’ १९५७ मध्ये आली. देशातील पहिल्या फळीचे संगीतकार आता खाणकामगार आणि विणकरांसाठी लिहीत होते.

दुसरा प्रवाह बँडच्या आतूनच आला. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेच्या बँडमध्ये घडलेले एरिक बॉल यांनी १९५० च्या ब्रिटिश ओपनसाठी ‘रिसर्गम’ लिहिले. गिल्बर्ट व्हिंटर यांनी १९६० च्या दशकात रंग आणि लय यांचे नवे प्रयोग केले. पुढे फिलिप विल्बी, फिलिप स्पार्क, पीटर ग्रॅहम यांच्या रचना देशोदेशीचे बँड वाजवू लागले.

स्पर्धा असताना महोत्सव कशाला?

स्पर्धेने बँडना नवे संगीत दिले, पण त्याला चौकटही घातली. स्पर्धेसाठी ठरवलेल्या रचनेचे काम बँडची परीक्षा घेणे हे असते. कॉर्नेटवादकाची चपळाई, युफोनियमची गाती साथ, अगदी हळू आवाजातील सुरांची शुद्धता, शेवटचा दणदणीत भाग हे सारे पंधरा-सतरा मिनिटांत तपासता यायला हवे. शिवाय तीच रचना दिवसभर एकामागून एक बँड वाजवतात. संगीतकाराने फार वेगळे काही केले, तर महिनोन्‌महिने त्याच रचनेचा सराव करणारे वादक नाराज होतात.

१९७३ मधले उदाहरण बोलके आहे. संगीतकार व संचालक एल्गार हॉवर्थ यांच्या पुढाकाराने हॅरिसन बर्टविसल यांनी ग्राइमथॉर्प कॉलियरी या खाणीच्या बँडसाठी ‘ग्राइमथॉर्प एरिया’ लिहिले. ही संथ, गडद, कर्कश सुरांची रचना आहे. ठेका धरावा असे तिच्यात काही नाही. स्पर्धेत तिला जागा मिळणे कठीण होते, पण बँडच्या इतिहासात ती मैलाचा दगड ठरली. अशा रचनांना मैफल लागते, निवांत ऐकणारा श्रोता लागतो आणि चूक झाली तरी गुण न कापणारे व्यासपीठ लागते. मँचेस्टरचा महोत्सव हेच पुरवतो.

खाणी बंद झाल्यावर काय झाले?

१३ ऑक्टोबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये ३१ कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा झाली. त्यात ग्राइमथॉर्पची खाणही होती. त्याच आठवड्यातल्या शनिवारी ग्राइमथॉर्पचा बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उतरला आणि त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. मे १९९३ मध्ये खाण बंद झाली. या वातावरणावर बेतलेला ‘ब्रास्ड ऑफ’ हा चित्रपट १९९६ मध्ये आला, त्यातील संगीत याच बँडने वाजवले. आज खाण नाही, पण बँड आहे.

बँड टिकण्याची कारणे अनेक आहेत. नव्या प्रायोजकांचा शोध, गावाची निष्ठा, पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारी कुटुंबे, लहान मुलांचे बँड ही त्यातली काही. पण आश्रयदाता गेल्यावरही ‘आम्ही काय वाजवायचे?’ हा प्रश्न या बँडपुढे उभा राहिला नाही. त्यांच्याजवळ छापलेल्या नोटेशनच्या रूपात स्वतःचे संगीत होते. ते वाजवायला कोळशाची गरज नव्हती. १९७८ पासून युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. नॉर्वे, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्समधील बँडही तेच संगीत वाजवतात आणि त्यात स्वतःच्या रचनांची भर घालतात.

आजची आव्हाने कोणती?

अव्वल दर्जाच्या बँडमधील बहुतांश वादकही पगारी नाहीत. शिक्षक, परिचारिका, अभियंते, विद्यार्थी असे लोक नोकरी सांभाळून आठवड्यातून दोन-तीनदा सरावाला जमतात. सरावाची जागा, वाद्यांची दुरुस्ती, प्रवास यांचा खर्च बँडला उभा करावा लागतो. नवी रचना लिहून घ्यायची तर संगीतकाराला मानधन द्यावे लागते. शाळांमधून वाद्य शिकवण्यावरील सरकारी खर्चाला कात्री लागली, की त्याचा फटका काही वर्षांनी बँडच्या रिकाम्या खुर्च्यांत दिसतो. तिकीटविक्रीच्या दृष्टीनेही अनोळखी रचना हा धोका असतो. म्हणूनच नव्या संगीताला हमखास श्रोता मिळवून देणारे दोन-तीन दिवस संगीतकारांसाठी मोलाचे ठरतात.

महाराष्ट्रातील बँडशी याचे नाते काय?

आपल्याकडील बँडही ब्रिटिश काळातील लष्करी बँडचेच वंशज. वाद्ये जवळपास तीच, गणवेशाचा थाटही तोच. वरात आणि गणपतीच्या मिरवणुकीने या बँडना शतकभर काम दिले. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाचा कणा बनले. तेच संगीत पुन्हा ऐकून-बसवून बँडवाल्यांनी रस्त्यावर आणले. मेरठमध्ये आजही देशभरातील बँडसाठी पितळी वाद्ये बनतात.

फरक आहे तो संगीताच्या मालकीचा. आपल्याकडील बँड प्रामुख्याने चित्रपटातील गाणी वाजवतात. एखाद्या उस्तादाने बसवलेली चाल, त्यातली हरकत, दोन ट्रम्पेटमधला सवालजवाब हे सारे त्याच्या कानात आणि शिष्यांच्या बोटांत असते, कागदावर क्वचितच उतरते. मूळ गाणे स्पीकरवर जसेच्या तसे वाजू शकते, म्हणून डीजे आला की बँडची सुपारी जाते. ब्रिटनमधील बँडलाही स्पीकरची स्पर्धा आहेच, पण ‘अ मूरसाइड सूट’ प्रत्यक्ष ऐकायचे तर श्रोत्याला अखेर बँडकडेच जावे लागते. आपल्याकडील जुन्या बँडमास्तरांनी बसवलेल्या रचना त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रित करणे, नोटेशनमध्ये उतरवणे आणि त्यांच्या नावाने वाजवणे हे काम फार खर्चिक नाही. मिरवणुकीपलीकडे बँडला बसून ऐकण्याची सवय श्रोत्यांना लागायची असेल, तर सुरुवात तेथून करता येईल.