शून्य सावलीचं ऊन

परवा शून्य सावलीचा क्षण गाठायला सोसायटीतली झाडून सगळी पोरं गच्चीत जमली होती. स्टीलचे पेले उपडे घातलेले, मोबाइल सरसावलेले. पुण्यात ही वेळ दुपारी साडेबाराच्या सुमाराची. पेल्याची सावली पेल्याखाली गडप झाली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. एकाच्याही डोक्यावर टोपी नव्हती. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बरं, तीन वाजता नव्हतं हे. तेव्हाचं ऊन फार वाईट."

पाऱ्यापुरतं काकूंचं बरोबर आहे. तापलेली जमीन हवेला तापवत राहते, म्हणून तीनच्या आसपास पारा सर्वांत वर जातो. अतिनील किरणांचा मात्र पाऱ्याशी संबंध नाही. सूर्य डोक्यावर असला की त्यांची ओझोनमधून येण्याची वाट सर्वांत छोटी, म्हणून मारा सर्वांत जास्त. म्हणजे पोरं टाळ्या पिटत होती तेव्हाच. थंड हवेच्या महाबळेश्वरात तर आपण निर्धास्तच असतो. पण दर हजार मीटर उंचीला हे किरण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे.

हे मोजायचं माप म्हणजे अतिनील निर्देशांक. कोणत्या तरंगलांबीने त्वचा किती लाल होते, याचा तक्ता मॅकिनले आणि डिफी यांनी १९८७ मध्ये मांडला. त्या वजनाने किरणांची बेरीज करायची. दर चौरस मीटरला २५ मिलिवॉट झाले की निर्देशांक १. कॅनडाने १९९२ मध्ये याचा रोजचा अंदाज द्यायला सुरुवात केली. सूर्याचा कोन गणिताने कळतो, ओझोन उपग्रह मोजतात. अंदाज फसतो तो बहुधा ढगांमुळे. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' उपक्रमाने हवेच्या गुणवत्तेबरोबर हा आकडाही दिला. तो पाहून कुणी छत्री उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

दोष लोकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटना ३ पासूनच सावध व्हायला सांगते. पुण्या-मुंबईत निरभ्र आकाश असेल तर डिसेंबरच्या दुपारीही ३ ओलांडले जातात आणि मेमध्ये ११ पार होतात. म्हणजे आपल्याला जवळजवळ बाराही महिने इशारा. रोजच लांडगा आला म्हटल्यावर कोण धावणार? शिवाय हा सगळा हिशेब गोऱ्या कातडीची काळजी वाहणारा. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं बरंच संरक्षण असतं, त्यामुळे "आपल्याला काय होतंय" हे उत्तर तयार. डोळ्यांना मात्र ते संरक्षण नाही. मोतीबिंदूने जगात दीड कोटी लोक अंध आहेत आणि त्यातल्या सुमारे १० टक्क्यांमागे अतिनील किरण असावेत, असा याच संघटनेचा अंदाज. चौकातला वाहतूक पोलीस, उन्हात वाकून भांगलणी करणारी बाई यांच्यापर्यंत कोणता आकडा पोहोचतो?

मला यंत्रापेक्षा लीथ होलोवे या अमेरिकी हवामानतज्ज्ञाची युक्ती पटते. १९९० मध्ये त्याने सांगितलं: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर उन्हातून बाजूला व्हा. सूर्य ४५ अंशांच्या खाली उतरला की सावली उंचीहून लांब होते आणि निरभ्र दिवशी निर्देशांक दुपारच्या निम्म्याखाली आलेला असतो. ना ॲप लागत, ना अक्षरओळख. काकू कुरडया घालायला सातला गच्चीत जातात, नवाच्या आत खाली येतात आणि वाळवण उचलायला पाचनंतर चढतात. होलोवेचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही.

तेव्हा वेधशाळेला आणि आम्हा वर्तमानपत्रवाल्यांनाही एक विनंती. सूर्योदय, सूर्यास्त आणि कमाल तापमान छापतोच. त्याच चौकटीत 'आखूड सावली' कधीपासून कधीपर्यंत, तेही छापा. या आठवड्यात पुण्यात ती वेळ सकाळी साधारण सव्वानऊ ते दुपारी पावणेचार अशी आहे.